लिफ्ट केलेल्या हाय बॉनेटचं स्टीअरिंग सरळ राहीना, पाचर मारू की ड्रॉप आर्म बदलू?

जांबोटीची_हायबॉनेट
मंडळी नमस्कार, लई दिवस नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदा लिहालोय, चुकलं तर सांभाळून घ्या. गाडी १९७२ ची सीजे ३बी जीप (उंच बॉनेटची, म्हणून हाय बॉनेट), आमच्या आज्जांनी घेतलेली. मूळचं पेट्रोल इंजिन कधीच गेलं, आता डिझेल आहे. बाबांनी पंधरा-सोळा वर्षांमागं बेल क्रँकची (मूळ स्टीअरिंगच्या मधल्या फिरत्या सांध्याची) सगळी भानगड काढून पॉवर स्टीअरिंगचा बॉक्स बसवून घेतलाय, म्हणजे उजव्या चॅसीवर बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सचा लोंबता दांडा) खाली, तिथनं ड्रॅग लिंक (दांडी) आडवी डाव्या नकलला (चाक वळवणाऱ्या सांध्याला), आणि दोन नकलच्या मधी एकच टाय रॉड. इतकी वर्षं काही तक्रार नव्हती.

मे महिन्यात मी लिफ्ट केली. पुढं मूळपेक्षा २ इंच लांब शॅकल (पाटा चॅसीला टांगायची झुलती पट्टी) आणि पाट्यात (पानांच्या स्प्रिंगात) एक पान जादा, मागं दोन पानं जादा. पुढं अडीच इंच उचलली, मागं साडेतीन. टायर ७.००-१६. दिसायला झकास, शेतातल्या बांधावरनं आता पोट घासत नाही. पण रस्त्यावर आली की सगळं बिघडलंय. पन्नासच्या वर गेलं की गाडी आपल्या मनानं हिकडं-तिकडं जात्या, सारखं धरून बसावं लागतं. वळण घेतल्यावर स्टीअरिंग माघारी येत नाही, हातानं आणावं लागतं. आणि खड्ड्यात चाक गेलं की स्टीअरिंग झटका देऊन एका बाजूला फिरतंय. जांबोटी ते पिरनवाडी रस्ता तुम्हाला माहीतच आहे, खड्डा चुकवायचा की गाडी सांभाळायची असं झालंय.

बेळगावात एका ठिकाणी अलाइनमेंटला नेली, मशिनवर चढवली, टो (वरनं बघितलं तर पुढची चाकं आत-बाहेर किती कललीत ते) बघितला, 'सगळं ओके' म्हणाला, पैसे घेतले. येताना तीच अवस्था. आता कुणी म्हणतंय पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधी पाचर मारा, कुणी म्हणतंय लांब ड्रॉप आर्म टाका, कुणी म्हणतंय स्टीअरिंगला डँपर (झटका शोषणारा) लावा. नक्की काय करू?

चोर्ला_दर_रविवारी
डँपर लाव भावा, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या गाडीला लावल्यापासून झटका निम्मा झालाय.

जुना_किंगपिन
डँपर लावून झटका हाताला कळायचा कमी होतो, होतोय तो तसाच होतो. पोकळ भिंतीला चुना मारल्यासारखं आहे ते. सगळं दुरुस्त करून मग लाव, माझी ना नाही.

बाळा, तुझ्या तीन तक्रारी आहेत आणि त्या तिन्हीचं कारण एक नाही, हे आधी समजून घे. गाडी भरकटते आणि स्टीअरिंग माघारी येत नाही, हे कॅस्टरचं दुखणं (म्हणजे काय ते खाली सांगतो). खड्ड्यात स्वतःहून फिरतंय, हे ड्रॅग लिंकच्या उताराचं दुखणं. आणि दोन्हीच्या खाली कुठंतरी प्ले (ढिलेपणा) असणार, ५० वर्षांची गाडी आहे. मी फौजेत एमटीत (गाड्यांच्या खात्यात) होतो, जोंगा आणि वन टन ह्या फौजेच्या गाड्यांवर हात काळे केलेत. तिथं एकच शिकवायचे, आधी ढिलं काय ते शोधा, मग कोन मोजा, टो सगळ्यात शेवटी. तू टोपासून सुरुवात केलीस.

कॅस्टर म्हणजे बाजूनं बघितलं तर किंगपिनची (ज्यावर चाक वळतं ती उभी पिन) रेघ वरच्या टोकाला मागं झुकलेली असली पाहिजे. सायकलचा पुढचा चिमटा बघ, हँडल सोडलं तरी सायकल सरळ जाते ना, तेच. जुन्या सीजेच्या पुस्तकात कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (समोरनं बघितलं तर चाकाचा कल) दीड अंश आणि टो-इन ३/६४ ते ३/३२ इंच दिलेला आहे, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. कॅम्बर अ‍ॅक्सलमध्येच ठरलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. कॅस्टर मात्र तू घालवलास, शॅकल लांब करून.

जांबोटीची_हायबॉनेट
काका, शॅकलनं कॅस्टर कसा जातोय ते समजलं नाही. शॅकल तर नुसतं उचलतंय की.

उद्यमबाग_टर्नर
मी सांगतो. तुझ्या गाडीचं पुढचं शॅकल कुठं आहे, पाट्याच्या पुढच्या टोकाला की मागच्या?

जांबोटीची_हायबॉनेट
पुढच्या. बंपरच्या मागंच. मागचं टोक पिनवर फिक्स.

उद्यमबाग_टर्नर
मग झालं की. आता कागद घे. पाट्याचा एक डोळा ते दुसरा डोळा मोज, सीजेला साधारण ३६ इंच असतं. मागचा डोळा चॅसीला जाग्यावरच आहे, आणि पुढचा डोळा तू चॅसीपासून २ इंच खाली सोडलास. म्हणजे पाटा नाक खाली घालून तिरपा झाला. ३६ ला २ इंच, म्हणजे ३.२ अंश. अ‍ॅक्सल पाट्याला यू बोल्टनं बांधलेला, तो पण तेवढाच पुढं कलला, किंगपिनचं वरचं टोक पुढं आलं. उंची किती मिळाली? अ‍ॅक्सल मधोमध असतो, म्हणून २ इंचाच्या शॅकलला १ इंच. एक इंचासाठी सगळा कॅस्टर दिलास बघ.

आणि एक. मागं साडेतीन आणि पुढं अडीच, म्हणजे गाडी १ इंचानं नाकावर उभी आहे. व्हीलबेस ८० इंच. त्यात अजून ०.७ अंश गेला. ३ मधनं ३.२ वजा, ०.७ वजा. तुझा कॅस्टर उणे १ च्या जवळपास असणार, मी मोजल्याशिवाय लिहून देतो.

शॅकल मागच्या टोकाला असतं त्या गाड्यांत उलटं होतं, लांब शॅकलनं कॅस्टर वाढतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा व्हिडिओ बघून आपल्या गाडीचं करू नये.

निपाणी_तंबाखू
अण्णांनी गणिताचा तास घेतला 😄 मला शाळेत कुणी असं शिकवलं असतं तर वखारीत बसलो नसतो.

हुक्केरी_फोरबायफोर
मोजायचं कसं ते पण सांगा की कुणीतरी. आमच्या हिकडं अलाइनमेंटवाल्यांच्या मशिनमध्ये १९७२ ची जीपच नाही, जवळची कुठली तरी गाडी निवडतात आणि हिरवं दिसलं की सोडतात.

जुना_किंगपिन
घरी मोजता येतं. सपाट जागा पाहिजे, चारी टायरांत सारखी हवा. क्लोज्ड नकल असेल तर किंगपिनची वरची टोपी सपाट असते, चार बोल्ट असतात. रंग, मळ खरवडून काढ, त्यावर डिजिटल अँगल गेज पुढं-मागं ठेव, नसेल तर मोबाईलमधलं लेव्हल पण चालतं, फक्त मोबाईल उलटा करून दोनदा मोज आणि सरासरी घे.

दुसरी रीत जुनी आहे. चाक २० अंश आत वळवून कॅम्बर मोजायचा, मग २० अंश बाहेर वळवून मोजायचा, दोन्हीतला फरक गुणिले दीड म्हणजे कॅस्टर. पण त्याला वळायची तबकडी पाहिजे. आम्ही दोन पत्र्यांच्या मधी ग्रीस लावून त्यावर चाक ठेवायचो.

त्याच्या आधी प्ले बघ. पुढचं चाक उचल, वर-खाली धरून हलव. हललं तर बायकोला किंवा पोराला ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. मग दोघांपैकी एकानं स्टीअरिंग थोडं-थोडं हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली पडून एकेक जॉइंटवर बोट ठेवायचं. बोटाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

जांबोटीची_हायबॉनेट
रविवारी दिवसभर हेच केलं. अंगणात शहाबादी फरशी आहे, चुलत भाऊ गवंडी आहे त्याच्याकडनं लेव्हलची नळी आणून बघितलं तर चारी चाकांत ४ मिलिमीटरचा फरक, खाली पत्र्याचे तुकडे घालून सारखं केलं.

उजव्या चाकाला प्ले होता. आईला ब्रेक दाबायला बसवलं ('ह्या गाडीत परत बसायला लागंल असं वाटलं नव्हतं' म्हणाली), तरी प्ले तसाच. म्हणजे किंगपिन. उघडलं तर खालच्या बेअरिंगच्या कपात खड्डे पडलेत, नखाला लागतात, एका बाजूला पाणी गेलेलं दिसतंय. ह्या पावसाळ्यात ओढ्यातनं लई वेळा घातलीय.

आणि कॅस्टर: उजवा उणे १, डावा उणे अर्धा. अण्णा, तुमच्या पाया पडतो.

उद्यमबाग_टर्नर
पाया पडू नको, बेअरिंग बदल. दोन्ही बाजूंची, चारही.

जुना_किंगपिन
बेअरिंग घालताना शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) बघून घाल. ऑइल सील न लावता नकल जुळव आणि टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून ओढ. साडेपाच ते सात किलोला नकल फिरायला लागली पाहिजे. हलकी फिरली तर शिम कमी, जड फिरली तर शिम वाढव. आमच्या गावात गूळ तोलायचा स्प्रिंगकाटा मिळतो, मी तोच वापरतो. हे बरोबर नसेल तर पुढं कितीही कॅस्टर दे, एखाद्या स्पीडब्रेकरनंतर पुढची दोन्ही चाकं थरथर नाचायला लागतील आणि गाडी थांबेपर्यंत थांबणार नाहीत. ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

चोर्ला_दर_रविवारी
अनुभवलंय. कणकुंबीच्या पुढं. स्टीअरिंग हातातनं सुटायचं बाकी होतं, बाजूला मित्र बसलेला त्यानं देवाचं नाव घेतलं, मी ब्रेकचं. डँपर होता तरी झालं, आता लक्षात आलं का ते. मी डँपरवालं मत मागं घेतो.

निपाणी_तंबाखू
मला एक सांगा, मूळ शॅकल परत घातलं तर सगळा प्रश्नच मिटतोय की. पाचर कशाला?

उद्यमबाग_टर्नर
बरोबर बोललास. मी पण तेच म्हणणार होतो, पण पोराला उंची पाहिजे.

जांबोटीची_हायबॉनेट
उंची पाहिजे अण्णा. पाचरच मारतो. ४ अंशाची करून द्याल काय?

उद्यमबाग_टर्नर
देतो. पण ऐक. पाचर लोखंडाचीच, माइल्ड स्टीलची फ्लॅट पट्टी मिलिंगवर तिरपी कापून. अ‍ॅल्युमिनियमची बाजारात मिळते ती नको, दाबून दाबून फुटते आणि यू बोल्ट ढिले होतात. पाटा पावणेदोन इंच रुंद, पाचर तेवढीच. अ‍ॅक्सलचं पॅड १२५ मिलिमीटर धरलं तर ४ अंशाला एका टोकाला ३ आणि दुसऱ्या टोकाला पावणेबारा मिलिमीटर येतं. मधी सेंटर बोल्टच्या डोक्यासाठी भोक, आणि डोकं पाचरीतनं वर येऊन पॅडच्या भोकात बसलं पाहिजे, म्हणून सेंटर बोल्ट उंच डोक्याचा घे. यू बोल्ट नवीन. जुने एकदा ओढलेले यू बोल्ट परत वापरू नकोस, १०० किलोमीटरनं परत आवळ.

जांबोटीची_हायबॉनेट
(चार दिवसांनी)
मंडळी, बसवली. गाडी आधीपेक्षा वाईट झाली. वाईट म्हणजे भीती वाटण्याइतकी. जांबोटीच्या तिट्ट्यावर खानापूरकडं वळालो, वीसच्या स्पीडला, आणि सवयीनं हात ढिला केला तर स्टीअरिंग माघारी यायचं सोडून अजून वळालंय. स्वतःहून! समोर ऊसाचा ट्रॅक्टर. दोन्ही हातांनी ओढून सरळ केली. तिथनं घरापर्यंत फर्स्ट-सेकंडमध्ये आलो. काय चुकलं?

जुना_किंगपिन
पाचरीचं जाड टोक कुणीकडं आहे?

जांबोटीची_हायबॉनेट
मागं. व्हिडिओत बघितलं होतं, जाड टोक मागं म्हणत होता.

जुना_किंगपिन
त्या गाडीत पाटा अ‍ॅक्सलच्या वर असणार. तुझ्या गाडीत?

जांबोटीची_हायबॉनेट
खाली.

अरे देवा.

उद्यमबाग_टर्नर
😂 हे मीच विचारायला पाहिजे होतं, पाचर हातात देताना सांगितलं नाही, माझी पण चूक. आता सगळ्यांनीच नीट वाचा, कारण हे दर दोन महिन्यांनी कुणीतरी करतंय.

सीजेचा पाटा अ‍ॅक्सलच्या खाली असतो, अ‍ॅक्सल पाट्यावर बसलेला. पाचर दोघांच्या मधी. जाड टोक पुढं घातलं की अ‍ॅक्सलचा पुढचा भाग वर उचलला जातो, किंगपिनचं वरचं टोक मागं जातं, कॅस्टर वाढतो. ज्यांनी पाटे काढून अ‍ॅक्सलच्या वर घेतलेत त्यांच्यात अ‍ॅक्सल पाट्याला खालनं टांगलेला, म्हणून तिथं जाड टोक मागं. तू उणे १ मधनं अजून ४ वजा केलेस, उणे ५ वर फिरालास. बाजारातली ढकलगाडी उलटी ढकलून बघ, पुढची फिरती चाकं कशी गरकन वळतात, तसंच तुझं स्टीअरिंग झालं.

हुक्केरी_फोरबायफोर
माझ्या मेस्त्रीनं माझ्या गाडीला बघून 'स्टीअरिंग सरी इल्ल री' (स्टीअरिंग बरोबर नाही) एवढंच म्हटलं होतं आणि हजार रुपये घेतले होते. ह्या एका पोस्टीत त्याच्यापेक्षा जास्त कळलं.

चिकोडीची_केए२३
थोडं बाजूचं बोलतो, पण सांगणं गरजेचं आहे. लिफ्ट, मोठे टायर, बॉक्स बदललेला, ह्याचं आरटीओत काय? २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल दिलाय, कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही म्हणून. आणि तुमची गाडी १९७२ ची, म्हणजे ५० वर्षांच्या वर. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नव्यानं नोंदवली तर नंबरात 'व्हीए' येतं, फी २०,००० रुपये. पण गाडी मूळ रूपात पाहिजे. ती संधी तुम्ही शॅकलपायी घालवालाय.

जांबोटीची_हायबॉनेट
ती संधी बाबांनी बेल क्रँक काढला तेव्हाच गेली दादा. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही म्हणे. ही आमची चाऱ्याची गाडी आहे, म्हशी नियम बघत नाहीत. पण मुद्दा लक्षात आला.

जुना_किंगपिन
म्हशींचं बरोबर आहे. पण बाळा, आता पाचर सुलटी करायला यू बोल्ट सोडणारच आहेस, तर एक म्हातारा सांगतो ते ऐक. उंची तुला किती पाहिजे? बांध ओलांडायला दीड इंच पुरतो. लांब शॅकलनं नुसता कॅस्टर जात नाही, पाटा आडवा पण जास्त झुलतो. लांब शॅकल बाजूला कलायला सोपं असतं, मग वळणावर बॉडी आधी जाते आणि अ‍ॅक्सल नंतर. मूळ शॅकल परत घाल, मागचं एक पान काढ, मग बघ किती कॅस्टर राहतो, आणि उरलेलं दोन अंशाच्या पाचरीनं भर.

उद्यमबाग_टर्नर
काकांशी सहमत. ४ ची पाचर मला परत आण, तीच तासून २ ची करतो, जाड टोक साडेसात येईल. पैसे नकोत, येताना काजू आण.

चोर्ला_दर_रविवारी
आणि खड्ड्यातला झटका? त्याला ड्रॉप आर्म लागणारच ना?

उद्यमबाग_टर्नर
आधी तपास. इंजिन बंद, स्टीअरिंग मोकळं, दोन जाडजूड माणसं पुढच्या बंपरवर उभी करून खाली-वर करायला लावा, आणि आपण स्टीअरिंगकडं बघायचं. स्टीअरिंग हललं की समजायचं लिंक तिरपी आहे. कारण असं, की ड्रॅग लिंकचं एक टोक चॅसीवर, ड्रॉप आर्मला, आणि दुसरं टोक अ‍ॅक्सलवर, नकलला. लिंक आडवी सपाट असली तर अ‍ॅक्सल वर-खाली झाला तरी तिची आडवी लांबी फारशी बदलत नाही. तिरपी असली की अ‍ॅक्सल वर आल्यावर ती सपाट होते, आडवी लांबी वाढते, आणि नकलला ढकलते. तुम्ही स्टीअरिंग धरून ठेवलं तर चाक वळतं, सोडलं तर स्टीअरिंग फिरतं. शिडी भिंतीला टेकवून खालनं आत ढकला, वरचं टोक कसं सरकतं, तेच.

जांबोटीकर, तुझ्या लिंकचा उतार मोज.

जांबोटीची_हायबॉनेट
मूळ शॅकल घातल्यावर, मागचं एक पान काढल्यावर, पाचर जाड टोक पुढं घातल्यावर, सगळं झाल्यावर मोजला: साडेआठ अंश. लिंक ३४ इंचाची. आधी लांब शॅकल असताना १० च्या वर होता.

भाऊ आणि त्याचा मित्र (दोघं मिळून पावणेदोनशे किलो) बंपरवर नाचले. स्टीअरिंग अडीच बोटं हललं. कुत्रं भुंकायला लागलं म्हणून थांबलो.

आणि कॅस्टर! उजवा ४, डावा सव्वाचार. परवा बेळगावपर्यंत गेलो, मच्छेपासनं पुढं साठला एका हातानं चालवली. वळण घेतलं की स्टीअरिंग आपोआप माघारी येतंय, हळूच, हाताच्या तळव्यातनं सरकत. किती महिन्यांनी असं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, 'आज्जाच्या वेळी पण असंच यायचं, तूच बिघडवलीस.'

जुना_किंगपिन
आईचं म्हणणं नोंदवून ठेवा.

उद्यमबाग_टर्नर
आता लिंक. दोन रस्ते आहेत.

एक, लांब ड्रॉप आर्म. बॉक्सकडचं टोक खाली येतं. पण जितका आर्म लांब तितकी बॉक्सच्या शाफ्टवर ओढ जास्त, आणि शेतात खुंट लागायची भीती. शिवाय लांब आर्म मिळत नाही म्हणून लोकं जुनाच गॅसवर तापवून वाकवतात, नाहीतर कापून मधी तुकडा वेल्ड करतात. हे करायचं नाही. कुणी करून देतो म्हटलं तर तिथनं उठून यायचं. आर्म फोर्जिंगचा असतो, तापवला की त्याचा दम गेला. आणि बेळगाव फौंड्रीचं गाव आहे म्हणून कुणी बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ओतून देतो म्हणेल, त्याला हात जोडून नमस्कार. बीड वाकत नाही, सरळ तुटतं. स्टीअरिंगमधला पार्ट तुटला तर पुढं सांगायला कुणी राहत नाही.

दोन, नकलकडचं टोक वर न्यायचं. आत्ता तुझा रॉड एंड (लिंकच्या टोकाचा सांधा) नकलच्या आर्मला खालनं घुसलाय. तो वरनं घुसवायचा. दोन-सव्वादोन इंच मिळतात, तुझ्या ३४ इंचाच्या लिंकला साडेतीन-पावणेचार अंश. साडेआठचे पाच होतील. पण भोक टेपर (निमुळतं) आहे, खालनं रुंद वर अरुंद. ते वरनं परत टेपर करायला पाहिजे. नुसतं ड्रिल मारून बोल्ट आवळायचा नाही. आधी तुझ्या रॉड एंडचा टेपर मोजायचा, जुन्या जीपचा १:८ असतो, पण तुझ्या बाबांनी बॉक्स दुसऱ्या गाडीचा घातलाय तर एंड १:१० चा पण असू शकेल. खालनं उरलेल्या रुंद भोकात बुश टर्न करून बसवावा लागतो. रीमर मारल्यावर निळा रंग लावून एंड घालून बघायचा, सगळीकडं सारखा रंग लागला तरच बसला.

दुसरा रस्ता घे. नकल सोडून घेऊन ये.

हुक्केरी_फोरबायफोर
वर घेतल्यावर पाट्याला किंवा चॅसीला घासत नाही ना? माझ्या मित्राचं पूर्ण वळवल्यावर पाट्याला लागत होतं.

उद्यमबाग_टर्नर
चांगलं विचारलंस. बसवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, आणि एक चाक जॅकवर पूर्ण वर उचलून बघायचं. लागत असेल तर स्टॉपर बोल्ट थोडा पुढं घ्यायचा.

जांबोटीची_हायबॉनेट
(पुढच्या आठवड्यात)
झालं. टेपर १:१० निघाला, अण्णांचा अंदाज बरोबर. बुश, रीमर, निळा रंग, सगळं समोर उभं राहून बघितलं, अर्धा दिवस गेला. उतार आता पाच अंश. भाऊ आणि मित्र परत नाचले, स्टीअरिंग जेमतेम अर्धं बोट हललं.

मग स्टीअरिंगचं चाक वाकडं उभं राहिलं. सरळ जाताना स्पोक घड्याळातल्या दोनसारखे. स्टीअरिंगचं चाक काढून स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) फिरवून घालणार होतो.

जुना_किंगपिन
थांब! चाक काढायचं नाही. बॉक्स मधोमध असतो तेव्हाच त्यात प्ले सगळ्यात कमी असतो, तसा तो बनवलेलाच असतो. आधी स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोज, निम्म्यावर आण, तिथंच धर, आणि पुढची चाकं सरळ होईपर्यंत ड्रॅग लिंकची बाही (लांबी कमी-जास्त करायची आट्यांची नळी) फिरव. लॉक नट आवळ.

जांबोटीची_हायबॉनेट
तसंच केलं. मग शेवटी टो. पुढची चाकं उचलली, फिरवत फिरवत खडूनं टायरच्या मधी जाडी पट्टी ओढली, त्यावर खिळ्यानं बारीक रेघ. गाडी खाली घेतली, थोडी पुढं ढकलली म्हणजे पाटे बसतात. भावाचा ओळंबा पुढनं आणि मागनं हबच्या उंचीवर रेघेला लावून फरशीवर खुणा केल्या, टेपनं मोजलं. टो-इन ९ मिलिमीटर होता! म्हणजे त्या मशिनवर जे हिरवं दिसलं ते काय होतं कुणास ठाऊक. का मधल्या खोलाखोलीत बदलला असेल, तेही असू शकेल, कुणावर नाव घालत नाही. टाय रॉड फिरवून २ वर आणला.

काल कणकुंबीपर्यंत जाऊन आलो. मलप्रभेच्या देवळापाशी थांबलो, चहा प्यालो, आलो. गाडी गप्प चालत्या. फक्त एक राहिलंय, पंचावन्न ते साठच्या मधी खालनं गुणगुण येत्या, पायाखालच्या पत्र्यात कळते. आधी नव्हती.

हुक्केरी_फोरबायफोर
पुढचे हब (चाकं पुढच्या अ‍ॅक्सलला जोडायचे) लॉक आहेत का उघडे?

जांबोटीची_हायबॉनेट
लॉक. पावसाळ्यात चिखलामुळं लॉक केले ते तसेच आहेत.

हुक्केरी_फोरबायफोर
उघड आणि परत चालव. पाचरीनं कॅस्टर वाढला म्हणजे डिफचं (डिफरन्शियलचं) नाकाड खाली गेलं, त्यात गाडी उचललेली. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (टोकाच्या सांध्याला) कोन जास्त पडलाय. हब लॉक असले की टू व्हीलमध्ये पण तो शाफ्ट फिरत राहतो.

जांबोटीची_हायबॉनेट
उघडले. गुणगुण गेली. म्हणजे शाफ्टच. आता पाचर दीड अंशाची करायची का? कॅस्टर साडेतीन राहील.

जुना_किंगपिन
साडेतीन पुष्कळ झाला. पण आधी क्रॉस बघ, एखादा कप कोरडा असेल. ग्रीस मार, मग ठरव.

उद्यमबाग_टर्नर
पाचर काढून घेऊन ये, दीड करतो. रविवारी दुपारी एकपर्यंत शटर उघडं आहे. आणि काजू मागल्या खेपेला विसरलास.